फायबरचं चाक पितळेचं करू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांच्या वेळचं, थेट मेन्सवर चालणारं सिंक्रोनस घड्याळ (विजेच्या फ्रिक्वेन्सीच्या तालावर वेळ राखणारं) आहे. आतल्या तपकिरी फायबरच्या चाकाचे बरेच दाते झडलेत. कॉइलला मल्टिमीटर लावला तर सर्किट तुटलेलं दाखवतो. मागची, फिरवून घड्याळ सुरू करायची काळी खुंटी फुटलीय आणि दोन स्क्रू हरवलेत. तयार भाग मिळत नाहीत. तेव्हा चाक पितळेचं कापून घ्यावं की थ्री-डी प्रिंट करावं, आणि कॉइल घरी भरता येईल का?

कॉइल भरता येईल, चाकही करता येईल. फक्त ते पितळेचं करू नका.

५० हर्ट्झच्या विजेवर मोटरमधली चुंबकीय ओढ सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, डोळ्यांना संथ फिरताना दिसतो, पण खरं तर तो फिरताफिरता सतत थरथरत असतो, आणि ही थरथर रोटरच्या पिनियनमधून (आसावरच्या छोट्या दातेरी चाकातून) थेट पहिल्या चाकावर येते. म्हणून बनवणाऱ्यांनी ते चाक मुद्दाम फिनॉलिक राळेत दाबलेल्या कापडाच्या थरांचं केलं. ते थरथर गिळतं, आवाज मारतं, आणि झिजायची वेळ आली तर पोलादी पिनियनच्या आधी स्वतः झिजतं. तुमचं चाक झडलं याचा अर्थ त्यानं आपलं काम केलं.

माझ्याकडे एकदा असंच एक घड्याळ आलं होतं. आधीच्या कुणीतरी फायबरच्या जागी सुबक पितळी चाक बसवलं होतं. पितळ मऊ, त्यात धूळ आणि धातूचा कीस रुतून बसतो आणि मग ते चाक कानशीसारखं वागतं. पिनियनचे दाते एका बाजूने हुकासारखे खाल्ले गेले होते. चाक नव्याने करायला मला दोन संध्याकाळी पुरल्या. पिनियन नव्याने कापून, रोटरचा तोल न बिघडवता जुन्या आसावर बसवायला महिना गेला. तेव्हापासून मी एक गोष्ट पाळतो: मी घातलेला भाग शेजारच्या मूळ भागापेक्षा कधीही कडक नसावा. झीज व्हायचीच असेल तर ती माझ्या भागाची होऊ दे.

आता क्रमाने. काहीही पुसण्याआधी फोटो काढा. घट्ट झालेल्या जुन्या ग्रीसमध्ये झडलेले दाते अडकलेले असतात, तेही जपून ठेवा. एखाद्या दात्याचा पूर्ण आकार शाबूत असेल तर तो तुमचा नकाशा. आणि एक इशारा: डायलवरचे आकडे किंवा काटे अंधारात चमकायचे असतील, तर तो रंग खरवडू नका, घासू नका. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यात रेडियम वापरत. आज तो चमकत नाही म्हणजे त्यातलं चमकणारं द्रव्य थकलंय. रेडियम तिथेच आहे, त्याचा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षांचा आहे. असा डायल वेगळा काढून बंद पिशवीत ठेवा.

चाकाला किती दाते होते हे अंदाजाने ठरवू नका. यासाठी तीन वेगवेगळे पुरावे मिळतात आणि तिन्ही जुळले पाहिजेत.

पहिला पुरावा म्हणजे उरलेले दाते. शाबूत भागातले सलग दाते मोजा, त्यांचा कोन मोजा आणि ३६० अंशांशी प्रमाण काढा.

दुसरा पुरावा गणिताचा. सिंक्रोनस मोटरचा मिनिटाला वेग म्हणजे १२० गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले ध्रुवांची संख्या. तुमच्यासारख्या हाताने सुरू करायच्या घड्याळांत रोटरच्या कडेला ३० दाते असणं अगदी नेहमीचं. तेवढेच ध्रुव धरा, म्हणजे ५० हर्ट्झवर मिनिटाला २०० फेरे. सेकंदकाटा मिनिटाला एक फेरा घेतो, तेव्हा रोटरपासून तिथपर्यंत वेग २०० पट कमी व्हायला हवा. समजा रोटरच्या पिनियनला १२ दाते आहेत आणि पुढच्या दोन जोड्या ६४ ला ८ आणि ५० ला १० अशा आहेत. त्या दोघी मिळून आठ गुणिले पाच, म्हणजे ४० पट कमी करतात. उरले पाच पट. म्हणजे झडलेल्या चाकाला ६० दाते. तुमच्या घड्याळात आकडे वेगळे असतील, पण रीत हीच. हे गणित चुकलं तर घड्याळ लगेच चुगली करतं: ६० ऐवजी ५९ दाते कापले गेले तर ते तासाला साधारण एक मिनिट पुढे पळेल.

तिसरा पुरावा केंद्र-अंतर, आणि माझा सगळ्यात जास्त विश्वास यावर. दाते झिजतात, फायबर दमट हवेत किंचित फुगतं, पण प्लेटमधली दोन भोकं आपली जागा सोडत नाहीत. दोन्ही भोकांत घट्ट बसणाऱ्या पिना घाला, बाहेरून बाहेर व्हर्नियरने मोजा आणि दोन्ही पिनांची अर्धी-अर्धी जाडी वजा करा. वरच्या उदाहरणात १२ आणि ६० मिळून ७२ दाते, आणि अंतर १०.८ मिमी आलं, तर मॉड्यूल, म्हणजे दात्याच्या आकाराचं माप, दुप्पट अंतर भागिले ७२, अर्थात ०.३. आता चाकाच्या बाहेरच्या व्यासाशी ताळा पाहा. घड्याळातल्या सायक्लॉइडल (कडेच्या वळणाची एक पद्धत) दात्यांसाठी हा व्यास साधारण दात्यांची संख्या अधिक २.७६, गुणिले मॉड्यूल असा धरतात. ६२.७६ गुणिले ०.३ म्हणजे १८.८३ मिमी. जुनं चाक १८.८ च्या आसपास भरलं की निश्चिंत व्हा. ते १८.६ च्या जवळ भरलं, तर दाते इन्व्होल्यूट या दुसऱ्या पद्धतीचे असण्याची शक्यता आहे, कारण तिथे २.७६ ऐवजी नुसते २ मिळवतात. मग भिंगातून दात्याची कड नीट पाहा.

थ्री-डी प्रिंटचं उत्तरही याच आकड्यांत आहे. ०.३ मॉड्यूलला एका दात्यापासून पुढच्या दात्यापर्यंतचं अंतर ०.९४ मिमी, म्हणजे दाता जेमतेम ०.४७ मिमी जाड. नेहमीच्या प्रिंटरचं नोझल ०.४ मिमीचं असतं. एका रेघेत दाता कसा उमटणार? शिवाय नेहमीचं पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास नरम पडतं आणि हे चाक तर गरम कॉइलच्या शेजारी फिरतं. रेझिन प्रिंटरवर दाते चांगले उमटतात. त्यावर एक नमुना काढा, प्लेटमध्ये बसवून हाताने फिरवा, संख्या आणि अंतर बरोबर आहे का ते पाहा. इतक्या कामाला तो उत्तम. रोज चोवीस तास फिरायला मी तो देत नाही.

चाकासाठी कापडी बेकेलाइटची शीट घ्या, टफनॉल या नावाने ती ओळखली जाते. त्यातही बारीक विणीची घ्या. जाड विणीत एकेक धागा दात्याएवढा असतो आणि कापताना दात्याबरोबर निघून येतो. गोल दांड्यातून चकती कापू नका. दांड्यातले थर गुंडाळलेले असतात, दाते मुळाशी थरावर सुटतात. आधी मधलं भोक अचूक करा, मग त्याच भोकावर चकती मँड्रेलवर (लेथमध्ये धरायच्या दांड्यावर) चढवा, बाहेरचा व्यास तिथेच टर्न करा आणि मँड्रेलवरून न उतरवता दाते कापा. मध्ये एकदा जरी उतरवली तरी चाक डगडगेल. चकतीच्या दोन्ही बाजूंना टाकाऊ शीटच्या चकत्या दाबून धरल्या की कडा फुलत नाहीत. भुकटी श्वासात जाऊ देऊ नका, मास्क लावाच.

डिव्हायडिंग हेड, म्हणजे फेऱ्याचे समान भाग पाडणारं साधन, नसलं तरी अडत नाही. २०० मिमी व्यासाची चकती घ्या, तिच्यावर ६० भाग पाडलेला कागद चिकटवा आणि ती लेथच्या स्पिंडलच्या मागच्या टोकाला बसवा. खुणेवर ०.२ मिमीची चूक झाली तरी चाकाच्या कडेला ती ०.०२ मिमीच उरते, इतकं हे चाक सोसतं. तयार कटर मिळाला नाही तर मी एकदाती कटर करतो: सिल्व्हर स्टीलचा तुकडा जुन्या चाकातल्या न झिजलेल्या खाचेत बसेल असा कानशीने घासायचा, साधारण ७८० अंशांना, म्हणजे उजळ लाल रंगावर, तापवून पाण्यात बुडवायचा आणि मग वाळल्या गवतासारखा पिवळा रंग येईपर्यंत, सुमारे २३० अंशांना, पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवायचा. फायबर कापायला तो पुरून उरतो. लेथ नसेल तर दाते कापणाऱ्या कारागिराला मॉड्यूल, संख्या, व्यास आणि भोकाचं माप लिहून द्या, सोबत जुनं चाक नमुन्याला द्या. घड्याळ मात्र देऊ नका.

मूळ आस आणि त्यावरचा पितळी बॉस (चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग) जपून वापरा. जुनं फायबर बॉसवरून चाकूने तासून काढा, ठोकून काढू नका, कारण आसाची बारीक टोकं वाकली की काम दुप्पट होतं. नवं चाक बॉसवर शेलॅकने चिकटवा. शेलॅक उष्णतेने सुटतं, म्हणून पुढे कुणाला ते काढायचं झालं तर काढता येतं. जाड सुपरग्लू लावलेलं चाक काढताना आस मोडलेले मी पाहिले आहेत.

आता कॉइल. इथे सबुरी ठेवा. सर्किट तुटलेलं दाखवतंय म्हणजे कॉइल जळली असं समजू नका. जळलेल्या कॉइलचा वास येतो, कागद काळा पडतो. तुमची तशी नसेल तर तुटलेली जागा बहुतेक वेळा तिथेच असते जिथे केसाएवढी बारीक तार जाड बाहेरच्या वायरला डागलेली असते. त्या काळी डाग देताना आम्लाचा फ्लक्स (डाग नीट धरावा म्हणून लावायचं द्रव्य) वापरला असेल तर तो वर्षानुवर्षं तांबं खात राहतो. वरची पट्टी हेअर ड्रायरने किंचित गरम करून उलगडा आणि भिंगातून पाहा. हिरवा ठिपका दिसला की तोच दोषी. मागे उमेदीच्या काळात मी एक पूर्ण कॉइल उलगडून नवी भरली, आणि जुनी तार तपासताना कळलं की ती पट्टीखाली पहिल्या पाच मिलिमीटरमध्येच तुटलेली होती, बाकी सगळी धडधाकट. मूळ गुंडाळी गेली ती गेलीच. म्हणून आधी दोन्ही टोकं शोधा.

आतलंच टोक तुटलं असेल तर मात्र पूर्ण भरावी लागेल. त्यासाठी तारेची जाडी आणि वेढ्यांची संख्या हवी. जाडी मायक्रोमीटरने मोजणं फसवं आहे: ०.०८ मिमीची तार ०.०९ वाचली तर तिचं क्षेत्रफळ पाव हिश्श्याने जास्त धरलं जातं. त्याऐवजी सुटी तार १० मीटर मोजून घ्या आणि तिचा रोध मोजा. ०.०८ मिमीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ३.४ ओहम असतो, म्हणजे १० मीटरला ३४. मल्टिमीटर मायक्रोमीटरपेक्षा इथे खरं बोलतो. वेढे मोजायला जुनी कॉइल काउंटर लावून उलगडणं सर्वोत्तम. तार मध्ये मध्ये तुटत असेल तर सगळी तार वजन करा आणि लांबी काढा. उदाहरणार्थ, एका वेढ्याची सरासरी लांबी ६० मिमी असेल आणि १०,००० वेढे असतील, तर तार ६०० मीटर, तिचा रोध सुमारे २०५० ओहम आणि तांब्याचं वजन साधारण २७ ग्रॅम. इनॅमलमुळे वजन थोडं जास्त भरेल. वजन आणि रोध दोन्हीकडून वेढ्यांचा आकडा जवळपास सारखा आला की तो खरा माना.

तेवढेच वेढे, तेवढीच तार, मूळ बॉबिनवर, म्हणजे तार गुंडाळायच्या रिळावर. बॉबिन तडकलं असेल तर ते फायबर शीटचे तुकडे जोडून करता येतं, फक्त आतल्या कडा घासून गोल करा. हाताच्या ड्रिलला काउंटर जोडा, तार लोकरीच्या फेल्टच्या दोन तुकड्यांमधून हलक्या ओढीने येऊ द्या. तार वेडीवाकडी भरली तर सुरुवातीचा वेढा शेवटच्या वेढ्याला टेकू शकतो आणि मग त्या दोन केसाएवढ्या इनॅमलच्या थरांवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. म्हणून दर काही थरांनंतर पातळ इन्सुलेशन कागद द्या. टोकांना लवचीक वायर डागताना फक्त राळेचा फ्लक्स वापरा, आणि ती वायर कॉइलला बांधून टाका म्हणजे ओढ बारीक तारेवर येणार नाही. इपॉक्सीत बुडवू नका. ती कॉइल पुन्हा कुणालाच उघडता येणार नाही.

घड्याळ ११० व्होल्टचं असेल आणि तुम्हाला २३० वर चालवायचं असेल तर वेढे त्याच प्रमाणात वाढतात आणि तारेचं क्षेत्रफळ त्याच प्रमाणात घटतं. पण असं घड्याळ बहुधा ६० हर्ट्झचं असतं, आणि ते ५० हर्ट्झवर तासाला १० मिनिटं मागे पडतं. पिनियन आणि चाकाची एक जोडी बदलून हे सुधारता येतं, जसं १० ला ६० च्या जागी १२ ला ६०. मात्र केंद्र-अंतर तेच राहत असल्याने पिनियन आणि चाक दोन्ही नव्याने, किंचित कमी मॉड्यूलची कापावी लागतात. मी हे करत नाही. बाहेर ६० हर्ट्झ देणारं छोटं कन्व्हर्टर जोडतो आणि मूळ चाकांना हात लावत नाही.

तुमचं घड्याळ हाताने सुरू होणारं आहे, म्हणून वीज गेली की ते थांबतं आणि परत आल्यावर थांबलेलंच राहतं. हा दोष समजून कुणी स्वयंचलित करायला गेलं तर अडवा. वीज मध्येच जाऊन आली तर घड्याळ गुपचूप चुकीची वेळ दाखवत बसू नये, थांबलेलं सरळ दिसावं, हा त्यातला फायदा आहे. आपोआप सुरू होणारी मोटर हेन्री वॉरन यांनी अमेरिकेत आणली, आणि १९१६ मध्ये बॉस्टनच्या वीजकेंद्रात फ्रिक्वेन्सी घड्याळाशी जुळवून ठेवणारं यंत्रही बसवलं. वॉरन यांच्या टेलिक्रॉन घड्याळांत वीज गेल्याचं सांगायला डायलवर लाल ठिपका दिसतो. आपोआप सुरू होणाऱ्या मोटरींत ध्रुवांच्या टोकाशी तांब्याच्या छोट्या कड्या असतात. तशी मोटर कधी हातात आली तर त्या कड्या सुटलेल्या नाहीत ना ते पाहा आणि स्टेटर (मोटरचा न फिरणारा लोखंडी भाग) उलटा बसवू नका, नाहीतर घड्याळ उलटं फिरेल.

खुंटी धातूची करून बसवायचा मोह होईल, लेथवर दहा मिनिटांचं काम. करू नका. ती बोटाने धरायची आहे आणि आत मेन्सची वीज आहे. बेकेलाइट तिथे याच कारणासाठी होतं. फुटलेले तुकडे जोडून, उरलेला भाग इपॉक्सी पुट्टीने भरून, घासून मूळ आकार आणा. त्यावरून सिलिकॉनचा साचा घ्या आणि काळा रंग मिसळलेल्या इपॉक्सीत नवी ओता. आतले आटे ओतून नीट येत नाहीत, तिथे पितळी नट ओततानाच गाडा, पण तो बाहेर कुठेही उघडा राहणार नाही इतका आत.

स्क्रूंबाबत एकच: जुनं ब्रिटिश घड्याळ असेल तर आटे बहुधा बीए (जुनं ब्रिटिश बारीक स्क्रूंचं माप) मापाचे असतात. ६ बीए म्हणजे २.८ मिमी व्यास आणि ०.५३ मिमी पिच. ३ मिमीचा मेट्रिक स्क्रू त्यात दोन फेरे जातो आणि मग प्लेटचे आटे घेऊन बाहेर येतो. बसत नसेल तर जोर लावू नका.

जोडण्याआधी जुनी रबरी किंवा कापडी वायर पूर्ण बदला, हात लावताच तिचं इन्सुलेशन गळतं. धातूची केस असेल तर तिला अर्थिंग द्या. कॉइल आणि स्टेटरच्या मध्ये ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) काही मेगओहम तरी दिसले पाहिजेत. पहिल्यांदा वीज देताना २५ वॉटचा तारेचा जुना बल्ब सिरीजमध्ये ठेवा. घड्याळ दोन-तीन वॉटच खातं, म्हणून सगळं ठीक असेल तर बल्ब अंधाराच राहील. तो पेटला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. नंतर १०० मिलिअँपिअरचा फ्यूज कायमचा लावा. एक तास चालू द्या, प्लग काढा आणि मगच कॉइलला हात लावा: कोमट ते गरम चालेल, बोट टेकवत नसेल तर वेढे कमी पडलेत.

आवाज ऐका. चाक खोल बसलं असेल तर घरघर येते, उथळ असेल तर सेकंदकाटा मध्येच अडखळतो. दिवसभरात काही सेकंदांचा फरक दिसला तर तो ग्रिडच्या फ्रिक्वेन्सीचा, त्याच्या मागे लागू नका. नव्या चाकाच्या आतल्या बाजूला वर्ष कोरा, आणि जुनं चाक, सुटी तार, खुंटीचे तुकडे एका पिशवीत घालून केसच्या तळाशी, फिरत्या भागांपासून दूर बांधून ठेवा.

कटरला हात लावण्याआधी केंद्र-अंतर, रोटरच्या पिनियनचे दाते आणि उरलेल्या चाकांच्या दात्यांची संख्या कळवा. आणि कॉइलचं बाहेरचं टोक उलगडून पाहिल्याशिवाय तार विकत घेऊ नका.